पाच लाखांची मेडिक्लेम, आठ हजारांची खोली आणि खिशातून गेलेले साडेपंचावन्न हजार

मेडिक्लेमचा रिव्ह्यू क्लेम लागल्याशिवाय लिहूच नये असं माझं आता पक्कं मत झालंय. मिक्सर घेतला की दुसऱ्या दिवशी चटणी वाटली की कळतं काय माल आहे ते, इथे सात वर्षं पैसे भरत राहायचं आणि माल कसा आहे ते कळणार कधी, तर घरातलं माणूस ऑपरेशनच्या टेबलवर असताना. नेटवर जे फाइव्ह स्टार रिव्ह्यू दिसतात ना "सहज पॉलिसी मिळाली, एक्झिक्युटिव्ह फार पोलाइट होता" वगैरे, ते सगळे विकत घेतल्याच्या दिवशीचे आहेत. अहो विकताना कोण उद्धट बोलतं?

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, हॉस्पिटलचंही नाही, कमेंटमध्ये विचारू नका. खोलीच्या भाड्याला मर्यादा असलेली कुठलीही पॉलिसी असेल तर हे तुमच्याकडेही होऊ शकतं, म्हणून नावापेक्षा बाकीचं वाचा.

तर पॉलिसी बाबांची, वेगळी काढलेली, सम इन्शुअर्ड (विम्याची कमाल रक्कम) पाच लाख, ऑक्टोबर 2018 पासून न चुकता रिन्यू. बाबा तेव्हा 59 चे होते. एजंट म्हणजे बाबांच्या ऑफिसातल्या ओळखीचे एक काका, माणूस चांगला, दिवाळीला कॅलेंडर आणून देणारा. फॉर्म भरताना बाबांचं बीपी लिहायला घेतलं तर काका म्हणाले, अहो कशाला लिहिताय, अर्धी गोळी तर घेतात, उगाच प्रीमियम वाढेल. मी लिहिलं. प्रीमियम वाढला आणि बीपीशी संबंधित आजारांना चार वर्षांचं वेटिंग लागलं, म्हणजे तोवर त्यांचा क्लेम मिळणार नाही, काका दोन महिने माझ्याशी जरा तुटक बोलत होते. माझ्या एका मित्राच्या वडिलांनी शुगर लिहिली नव्हती, तिसऱ्या वर्षी क्लेम गेला तो "माहिती लपवली" या कारणावरून पूर्ण नाकारला, तेव्हापासून मी याबाबतीत कुणाचंच ऐकत नाही. आता नियम बरे झालेत, 2024 पासून जुन्या आजारांचं वेटिंग जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि सलग 60 महिने पॉलिसी चालू असेल तर तुम्ही अमुक सांगितलं नव्हतं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. पण त्या पाच वर्षांच्या आत आजारी पडलात तर काय करणार, म्हणून लिहाच सगळं, थायरॉईडची गोळीसुद्धा.

गेल्या जूनमध्ये, पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या तेव्हाची गोष्ट, बाबांच्या पोटात रात्री जेवणानंतर दुखायला लागलं. आईने ओवा दिला, मग सोडा दिला, पहाटे चारला गाडी काढली, अर्धे रस्ते बंद, कसंबसं पोचलो. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे, सूज आलेली, डॉक्टर म्हणाले दुर्बिणीतून काढून टाकू. इथपर्यंत ठीक.

आता अॅडमिशन काउंटर. तिथल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो आजाराबद्दल नव्हता, "मेडिक्लेम आहे का?" हो म्हटलं. "मग ट्विन शेअरिंग आत्ता फुल आहे, सिंगल डीलक्स देते, आठ हजार, पॉलिसी आहे ना, तुम्हाला काय फरक पडतो." पहाटेचे पाच, बाबा व्हीलचेअरवर वाकून बसलेले, आई रामरक्षा पुटपुटतेय, मी सही केली. त्या एका सहीची किंमत किती ते पुढे सांगतो.

आमच्या पॉलिसीत खोलीभाडं रोज सम इन्शुअर्डच्या एक टक्का, म्हणजे पाच हजार. आणि हा एक टक्का मूळ पाच लाखांवर, दरवर्षी क्लेम न केल्याबद्दल जो बोनस साचत गेला होता तो यात धरत नाहीत. मला ही मर्यादा माहीत होती, खोटं कशाला बोलू. मला वाटलं वरचे तीन हजार रोज आपण भरू, चार दिवस लागले तर बारा हजार, ठीक आहे. इथेच फसतात लोक. महागडी खोली घेतली की फक्त खोलीचा फरक कापत नाहीत, खोलीबरोबर ज्या ज्या गोष्टींचे दर बदलतात, सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ओटी, व्हिजिट, नर्सिंग, ते सगळं त्याच प्रमाणात कापतात. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. पाच भागिले आठ म्हणजे साडेबासष्ट टक्के, तेवढंच कंपनी देणार, उरलेलं तुमचं.

बिल आलं 1,86,400. त्यात खोली चार दिवसांची 32,000, सर्जन-ओटी वगैरे 84,000, औषधं आणि तपासण्या 58,400, आणि 12,000 हा "नॉन पेएबल" नावाचा जो एक ढीग असतो, कंपनी देत नाही तो, म्हणजे ग्लोव्ह्ज, मास्क, रजिस्ट्रेशन चार्ज, फाइलचे पैसे, आणि एक थर्मामीटर जो आम्हाला घरी पण दिला नाही. कंपनीने मंजूर केले 1,09,000. मी आणि माझा भाऊ टीपीएच्या, म्हणजे कंपनी आणि हॉस्पिटलच्या मधे क्लेमचं काम बघणाऱ्यांच्या, काउंटरसमोर उभे राहून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर गणित करतोय, 77,400 आपण भरायचे? पाच लाखांची पॉलिसी, बिल दोन लाखांच्या आत, आणि 77 हजार आपले?

भरले. दुसरं काय करणार, बाबा कपडे घालून बेडवर बसलेले.

पण घरी येऊन डिडक्शनचा कागद नीट वाचला तेव्हा दिसलं की औषधं आणि तपासण्यांवर पण साडेबासष्ट टक्केच लावलंय. हे चूक आहे. इर्डाचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, 2020 चा नियम स्वच्छ सांगतो की प्रमाणात कपात करताना औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, तपासण्या यांना हात लावायचा नाही, आयसीयूच्या चार्जेसलाही नाही. आणि ज्या हॉस्पिटलमध्ये खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत तिथे ही कपात करायचीच नाही. हा नियम कंपनीला माहीत नसेल? मला तर वाटतं सॉफ्टवेअरमध्ये सरसकट टक्का लावून पाठवतात, दहातले नऊ जण भांडतच नाहीत.

मी भांडलो. आधी कंपनीच्या ग्रीव्हन्स सेलला मेल, "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे" असं आपोआप आलेलं उत्तर, मग पंधरा दिवस काही नाही. मग बिमा भरोसा नावाचं इर्डाचं पोर्टल आहे तिथे तक्रार टाकली, डिडक्शनचा कागद आणि नियमाचा तेवढा भाग जोडून. नवव्या दिवशी फोन आला, तोच पोलाइट आवाज, "सर रिव्ह्यूमध्ये थोडं डिफरन्स निघालंय." थोडं म्हणजे 21,900. आले खात्यात. व्याज वगैरे काही नाही, सॉरी पण नाही. नसते आले तर विमा लोकपालकडे जाणार होतो, पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, आणि लोकपालाने निकाल दिल्यावर 30 दिवसांत कंपनीने पाळला नाही तर कंपनीने तुम्हाला रोज 5,000 रुपये दंड द्यायचा असतो. हे शेवटचं वाक्य मी मेलमध्ये लिहिलं होतं, त्याचा परिणाम झाला की नाही देव जाणे.

तर शेवटचा हिशोब असा, 12,000 खोलीचा फरक, 31,500 त्या फरकामुळे बाकीच्यावर झालेली कपात, 12,000 नॉन पेएबल. एकूण 55,500 आमचे. म्हणजे रोज तीन हजार जास्तीची खोली मला चार दिवसांत साडेत्रेचाळीस हजाराला पडली. त्या खोलीत एक सोफा होता आणि एक टीव्ही, ज्यावर फक्त शॉपिंगचं चॅनेल लागायचं. बाबा चार दिवस कंटाळून गेले.

डिस्चार्जचा किस्सा वेगळाच. मे 2024 मध्ये नियम आला की कॅशलेसची (कंपनीने हॉस्पिटलला थेट पैसे देण्याची) पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची शेवटची मंजुरी तीन तासांत द्यायची, त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने स्वतःच्या भागधारकांच्या पैशातून भरायचे. वाचायला फार छान वाटतं. डॉक्टर सकाळी अकराला म्हणाले घरी जा. मी दोन वाजता टीपीएच्या ताईंकडे गेलो, म्हटलं तीन तास झाले की. त्या म्हणाल्या, "दादा, तीन तास आम्ही फायनल बिल पाठवल्यापासून मोजतात, आणि बिलिंगने अजून आमच्याकडेच पाठवलं नाही." बिलिंगवाले म्हणाले फार्मसीचं रिटर्न बाकी आहे. फार्मसीवाले म्हणाले नर्सिंगने गोळ्या परत पाठवल्या नाहीत. दुपारी चारला बिल गेलं, सहा वीसला मंजुरी आली. म्हणजे कंपनीने बरोबर नियमात काम केलं, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क. पाच तास गेले ते हॉस्पिटलच्या आतल्या आत, आणि तिथे तीन तासांचा नियम लागू होत नाही.

आणि माझं या सगळ्यावरचं म्हणणं हेच आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत विम्याच्या बाजूने खरंच बरेच बदल झाले, मी नाकारत नाही. एप्रिल 2024 पासून 65 च्या वरच्यांनाही नवी पॉलिसी घेता येते, फ्री लूक पिरियड, म्हणजे पॉलिसी पसंत नसेल तर परत करायची मुदत, 30 दिवसांची झाली, क्लेम नाकारायचा तर आधी कंपनीच्या रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते, नेटवर्कमध्ये नसलेल्या हॉस्पिटलमध्येही कॅशलेस मागता येतं, ठरलेलं ऑपरेशन असेल तर 48 तास आधी कळवावं लागतं. पण हे सगळे नियम विमा कंपनीला. बिल बनवतं कोण? हॉस्पिटल. त्यांच्यावर इर्डाचा काही जोर नाही, ते इर्डाच्या हातातच नाही. शेजारच्या खोलीत एक काका होते, तेच ऑपरेशन, तेच सर्जन, मेडिक्लेम नव्हतं, रोख भरणार होते. त्यांना सगळं मिळून 1,10,000 चं पॅकेज. त्यांचा मुलगा चहाच्या टपरीवर मला सांगत होता आणि मला चहा गिळवेना. म्हणजे ज्याच्याकडे विमा आहे त्याचं बिल मोठं, मग क्लेम मोठे, मग पुढच्या वर्षी प्रीमियम मोठा, आणि वर कंपनी काय म्हणते, मेडिकल इन्फ्लेशन. अहो ते इन्फ्लेशन काही आभाळातून पडत नाही.

दर बांधता येत नाहीत असंही नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटच्या किमती बांधल्या, औषध लावलेला स्टेंट 29,600 वर आणला, तेव्हा केवढी ओरड झाली होती, अँजिओप्लास्टी बंद पडल्या का? कोविडमध्ये 2020 ला आपल्याच राज्य सरकारने खासगी हॉस्पिटलांना रोजचे दर लावून दिले होते, साधा वॉर्ड 4,000, आयसीयू 7,500, व्हेंटिलेटरसकट 9,000. पाळले किती जणांनी हा वेगळा विषय, ऑडिटर बसवावे लागले होते, पण आकडा कागदावर तरी होता, भांडायला काहीतरी हातात होतं. डॉक्टरांचीही बाजू आहे, माझा चुलतभाऊ डॉक्टर आहे, तो म्हणतो सरकारी योजनेच्या दरात नर्सचा पगार निघत नाही, जागा, मशीन, कर्ज, कंपन्या बिलं महिनोन्महिने लटकवतात. असेल, पटतं मला. मग दर भिंतीवर लावा ना, दोन्ही गिऱ्हाइकांना एकच. दरपत्रक दर्शनी भागात लावायचा नियम महाराष्ट्रात 2021 पासून आहे. आमच्या हॉस्पिटलमध्ये होतं म्हणे, लिफ्टच्या मागे, मोठ्या कुंडीच्या आड.

सरकारी योजनेचं पण थोडं सांगतो कारण लोक विचारतात. महात्मा फुले योजना आता राज्यातल्या सगळ्यांना, पाच लाखांपर्यंत, आणि 70 च्या वरच्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मानचं वय वंदना कार्ड, ऑक्टोबर 2024 पासून. मावशीचं मी आधारवरून मोबाइलवरच काढलं, वीस मिनिटांत झालं, खरंच सोपं. पण कार्ड असणं आणि जवळचं हॉस्पिटल त्या यादीत असणं यात फरक आहे, यादी आधी बघून ठेवा. बाबा 66 चे, त्यामुळे त्यांना अजून चार वर्षं वाट बघायची, आणि नेमका याच वयात प्रीमियम अंगावर येतो.

तर प्रीमियम. 2024 ला आमचा मूळ प्रीमियम 34,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 40,120. सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर झालं की 22 तारखेपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य. आमचं रिन्यूअल ऑक्टोबरात, मी खूष, म्हटलं सहा हजार वाचले. रिन्यूअलची नोटीस आली 37,200 ची. म्हणजे मूळ प्रीमियम 3,200 ने वाढलेला, नऊ टक्के आणि थोडा. आता नऊच का? कारण ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी इर्डाशी बोलावं लागतं, असा नियम जानेवारी 2025 मध्ये आला. दहाच्या आत बसवलं की कुणी विचारत नाही. आमच्या वसंत मामांच्या भाषेत, वेशीपर्यंत जायचं, वेस ओलांडायची नाही. कंपन्यांचं म्हणणं असं की जीएसटी होता तेव्हा आम्ही एजंटचं कमिशन, ऑफिसचं भाडं यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) घ्यायचो, ते आता बंद झालं, तो खर्च कुठूनतरी काढायचा. एजंट काकांचं म्हणणं की तो आमच्या कमिशनमधून काढतायत. माझं म्हणणं की माझ्याकडूनही काढतायत. तिघंही बहुतेक खरं बोलतोय. आणि हो, ही सूट ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीला नाही, तिथे 18 टक्के आहेच.

पोर्ट करायचा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा, विचार केला होता. रिन्यूअलच्या 45 दिवस आधी दुसऱ्या कंपनीकडे अर्ज टाकला, त्यांनी बाबांचे रिपोर्ट मागितले, पित्ताशयाची बायोप्सी मागितली, मग लोडिंग, म्हणजे आजारपणामुळे जास्तीचा प्रीमियम, लावून जो आकडा सांगितला तो ऐकून आहे तिथेच बरे असं ठरलं. वयाच्या साठीनंतर पोर्टेबिलिटी कागदावरच आहे, साठीच्या आत असाल तर आत्ताच बघा. आहे त्याच पॉलिसीवर दोन अॅड-ऑन घेतले, खोलीभाड्याची मर्यादा काढणारं 2,600 चं आणि ग्लोव्ह्ज-मास्कवालं 1,100 चं. एकूण झाले 40,900. गेल्या वर्षी जीएसटीसकट 40,120 भरले होते. बायको म्हणाली, चला, हिशोब तिथेच आला.

एक गोष्ट मात्र करा, पॉलिसीबरोबर ग्राहक माहिती पत्रक म्हणून दोन-तीन पानांचं येतं, जानेवारी 2024 पासून साध्या भाषेत द्यायचं बंधन आहे आणि आपल्या भाषेत मागता येतं. मी मराठीत मागितलं. कॉल सेंटरची मुलगी आधी गोंधळली, मग तीन दिवसांनी आलं. भाषांतर यथातथाच आहे, "कक्ष भाडे उपमर्यादा" वगैरे, पण आईने चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि विचारलं, हे आधी का नाही दिलं कुणी? सात वर्षांत आमच्या घरात ती पॉलिसी पहिल्यांदा कुणीतरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली.

मार्क द्यायचे तर पॉलिसीला पाचपैकी तीन. एक मार्क बीपी वगैरेवरून काही खुसपट न काढता क्लेम घेतल्याबद्दल, एक वेळेत मंजुरीबद्दल, एक तक्रारीनंतर का होईना पैसे दिल्याबद्दल. हॉस्पिटलला ऑपरेशनचे पाचपैकी पाच, सर्जन देवमाणूस, बाबा दहा दिवसांत फिरायला जायला लागले. बिलिंगला एक, तोही त्या टीपीएच्या ताईंचा, सहा वाजेपर्यंत जेवल्या नव्हत्या बिचाऱ्या.

नवीन कार्ड आलं तेव्हा बाबांनी ते पाकिटात सरकवता सरकवता विचारलं, "आता कुठलीही खोली चालेल ना रे?" म्हटलं हो, आता कुठलीही घ्या, लिमिट नाही. "मग पुढच्या वेळी ट्विन शेअरिंगच बघ, तिथे बोलायला कुणीतरी असतं."